ग्रीक बोलणारे आजी-आजोबा आणि डिमेन्शिया: वागण्यातले बदल मोजायचे कसे?

रानजाई
नमस्कार मंडळी. मेलबर्न-सिडनीकडे एज्ड केअरमध्ये नर्स किंवा केअर वर्कर म्हणून काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय. ऑस्ट्रेलियात घरी ग्रीक बोलणारे २०२१ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांवर होते आणि त्यातले सर्वांत जास्त मेलबर्नात. १९५२ च्या स्थलांतर करारानंतर बोटीने आलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी विरते, त्यामुळे चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूससुद्धा पुन्हा फक्त ग्रीकच बोलायला लागतो.

प्रश्न आठवण तपासण्याचा नाही, वागण्याचा आहे. चर्चेपुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाई ८६ वर्षांच्या, पेलोपोनीझमधल्या खेड्यातल्या, शिक्षण तिसरीपर्यंत. नोंदवहीत लिहिलंय: दिवसातून अनेकदा थुंकतात. हातातली दोरी सतत फिरवतात. पाव उशीखाली लपवतात, कपाटात साठवतात. बुधवारी आणि शुक्रवारी मांसाची ताटली ढकलून देतात. नवऱ्याच्या फोटोशी बोलतात. अंघोळीला नेलं की मारतात, ढकलतात. सीएमएआयवर, म्हणजे अस्वस्थ वागणुकीच्या मोजपट्टीवर, एकूण ६०. वरचे लोक विचारतात, औषध सुरू करायचं का?

कोणती मोजपट्टी वापरायची, कोणाला विचारायचं, काय धरायचं आणि काय सोडायचं? जाणकारांनी लिहा.

चहाबाज
पाव उशीखाली, मांस नको, फोटोशी गप्पा. यात आजार कुठला? ही तर आमच्या वाड्यातली निम्मी मंडळी झाली.

अथेन्सकर
चहाबाज, हसण्यावारी नेलंत पण मुद्दा तिथेच आहे.

दोन मोजपट्ट्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. सीएमएआय म्हणजे कोहेन-मॅन्सफील्ड यांची अस्वस्थतेची यादी. २९ वागणुका, प्रत्येकीला १ ते ७ गुण, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा दिसली यावर. १ म्हणजे कधीच नाही, ६ म्हणजे दिवसातून अनेकदा, ७ म्हणजे तासाला अनेकदा. म्हणून एकही वागणूक दिसली नाही तरी एकूण २९ येतातच. हे माहीत नसेल तर ६० हा आकडा उगाच भयंकर वाटतो.

एनपीआय (कमिंग्ज आणि सहकारी, १९९४) ही डिमेन्शियातल्या मानसिक आणि वागण्यातल्या लक्षणांची प्रश्नावली, ती काळजी घेणाऱ्याला विचारून भरतात. आधी दहा लक्षणं होती, नंतर झोप आणि भूक मिळून बारा झाली. प्रत्येकासाठी आधी एक चाळणी-प्रश्न. उत्तर 'नाही' आलं तर पुढचं लक्षण, 'हो' आलं तर सात-आठ उपप्रश्न. मग वारंवारता १ ते ४, तीव्रता १ ते ३, दोन्हींचा गुणाकार. एका लक्षणाला जास्तीत जास्त १२, एकूण १४४. शिवाय काळजी घेणाऱ्याला किती त्रास होतो ते ० ते ५. नर्सिंग होमसाठीच्या आवृत्तीत हा शेवटचा रकाना कर्मचाऱ्यांच्या कामात किती व्यत्यय येतो यासाठी असतो.

खरा फरक असा, की एनपीआय आजार सुरू झाल्यापासून झालेला बदल विचारतं. माणूस जन्मभर जे करत आलाय आणि जे बदललेलं नाही ते धरायचंच नाही, मग ते कितीही विचित्र दिसो. सीएमएआय हा प्रश्नच विचारत नाही, दिसलं की मोजतं. त्यामुळे परक्या संस्कृतीतल्या माणसाच्या सवयी सीएमएआयच्या बेरजेत सरळ घुसतात.

ग्रीक एनपीआय उपलब्ध आहे. पोलिटिस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्मृती-दवाखान्यातल्या अल्झायमर रुग्णांवर त्याची विश्वसनीयता तपासून प्रसिद्ध केली. ते असताना इंग्रजी फॉर्म समोर धरून दुभाष्याकडून जागच्या जागी भाषांतर करून घेऊ नये. दर वेळी नवा दुभाषी म्हणजे दर वेळी नवी मोजपट्टी. एनपीआयचे हक्क राखीव आहेत, तेव्हा संस्थेने परवानगी काढूनच वापरावं.

मुक्काम_पोस्ट_ओकली
रानजाईताई, तुमच्या यादीतल्या एकेका ओळीबद्दल.

थुंकणं: आधी बघा, थुंकी बाहेर पडते का? नजर लागू नये म्हणून ग्रीक बायका 'फ्तू फ्तू फ्तू' असं तीनदा करतात. थुंकी नसतेच, नुसता आवाज. कोणी कौतुक केलं, बाळ दिसलं, वाईट बातमी ऐकली की हे होणार. केअर वर्करने "किती छान दिसताय" म्हटल्यावर बाईंनी फ्तू फ्तू केलं तर तो आशीर्वाद आहे. जेवताना घास बाहेर टाकत असतील तर मात्र वेगळी गोष्ट. तिथे गिळायला त्रास होतोय का ते बघायला हवं, स्पीच थेरपिस्टला बोलवा.

दोरी: गाठींची काळी लोकरीची असेल तर ती कोम्बोस्किनी, जपाची दोरी. पुरुषांच्या हातात मण्यांचं कोम्बोलोई असतं, त्यात जप नाही, नुसता चाळा. दोन्ही 'पुन्हा पुन्हा त्याच हालचाली' या रकान्यात पडतात.

बुधवार-शुक्रवार: ऑर्थोडॉक्स उपासाचे वार. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि पवित्र आठवडा, शिवाय १ ते १४ ऑगस्ट. मांस, दूध, अंडी वर्ज्य. भूक तपासायची तर मसूर, चण्याचं सूप, ऑलिव्ह, हलवा देऊन बघा. तेही ढकललं तर भुकेच्या रकान्यात लिहा.

आणि दोन हातवारे, जे घोळ घालतात. ग्रीक 'हो' म्हणजे 'ने', इंग्रजी कानाला ते 'नो'सारखं लागतं. आणि 'नाही' म्हणताना हनुवटी वर उचलतात, भुवया चढवतात, कधी जिभेने 'च्' करतात. गोऱ्या नर्सला ती मान डोलावणं वाटतं. बाईंनी अंघोळीला नकार दिला, नर्सने होकार समजून गाऊन सोडला, मग मार बसला. नोंद: 'कारण नसताना आक्रमक'.

दुसरं, पसरलेल्या बोटांचा तळवा समोरच्याच्या तोंडाकडे धरणं ही ग्रीक लोकांत जबर शिवी आहे, मूत्झा म्हणतात. 'थांबा, थांबा' म्हणून कर्मचारी नेमकं तेच करतात.

हळदकुंकू
आपल्याकडे तोच तळवा दाखवला की लोक पाया पडतात.

चहाबाज
आणि मराठी नर्सला 'ने, ने' ऐकून वाटणार, घेऊन चला म्हणताहेत.

नाडीपरीक्षा
सगळं छान, पण मोजपट्टीच्या आधीचं काम राहिलं. वागणं अचानक, तासा-दिवसांत बदललं असेल तर ते डिमेन्शियाचं लक्षण म्हणून मोजायचंच नाही. आधी डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक आलेला गोंधळ, वगळा. त्यासाठीची ४एटी ही छोटी चाचणी दोनेक मिनिटांत होते, ४ किंवा जास्त गुण आले तर डेलिरियमची शक्यता. मात्र परभाषिक माणसाबाबत तिचा एक तोटा आहे: महिने उलटे म्हणायला लावतात आणि वय, जन्मतारीख, ठिकाण, साल विचारतात, ते इंग्रजीत विचारलं की गुण फुकट चढतात. दुभाष्याकरवी ग्रीकमध्ये विचारा. सावधपणा आणि अचानक झालेला चढउतार हे दोन भाग भाषेवर फारसे अवलंबून नाहीत, त्यांच्याकडे नीट बघा.

मग कारणं: लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता (शेवटची शौच कधी, चार्ट उघडा), नवं औषध, विशेषतः मूत्राशयासाठीची किंवा ॲलर्जीची ॲंटीकोलिनर्जिक. कानातला मळ. कानयंत्राची बॅटरी. चष्मा दुसऱ्याच कोणाचा तरी.

मग वेदना. इथे भाषा लागत नाही. पेनॲड या नुसतं बघून वेदना मोजायच्या पट्टीत पाच गोष्टी: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण, समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकी ० ते २, एकूण १०. बसलेल्या अवस्थेत एकदा आणि कुशीवर वळवताना किंवा उभं करताना एकदा, असं दोनदा भरा. नुसतं बसलेलं बघून ० लिहिलं तर गुडघ्याचं, खांद्याचं दुखणं निसटतं. 'अंघोळीला नेलं की मारतात' यात मला आधी खांदा दिसतो. गाऊन काढताना हात वर करायला लावतात ना?

रोखठोक
थोडं विरोधी लिहितो. संस्कृती, संस्कृती करता करता खरी लक्षणं पडद्याआड जातात, हाही तितकाच मोठा घोटाळा. 'फोटोशी बोलतात, ग्रीक विधवा असंच करतात' म्हणून सोडून दिलं आणि बाईंना लेवी बॉडी, म्हणजे भास होणारा डिमेन्शियाचा प्रकार, निघाला तर? मग कोणीतरी रात्री हॅलोपेरिडॉल हे मनोविकाराचं औषध टोचणार आणि बाई ताठ होऊन पडणार. लेवी बॉडीत ही औषधं जिवावर बेतू शकतात.

शिवाय सगळे ग्रीक एकसारखे नसतात. कोणी कम्युनिस्ट, चर्चचं तोंड न पाहिलेला. कोणी सायप्रसचा, कोणी पोंटिक, म्हणजे काळ्या समुद्राकाठची ग्रीक बोली, बोलणारा. उपास करणाऱ्यांपेक्षा न करणारे कमी नसतील.

अथेन्सकर
रोखठोक, शंभर टक्के सहमत. म्हणून अंदाज करायचा नाही, विचारायचं. फोटोच्या बाबतीत काय विचारायचं ते लिहितो: फोटोतून उत्तर येतं असं त्यांना वाटतं का? नवऱ्यासाठी ताट मांडतात का? तो खोलीत आहे म्हणून दार उघडं ठेवायला लावतात का? घाबरतात का? फोटो नसताना, संध्याकाळी कोपऱ्यात माणसं, मुलं, जनावरं दिसतात का? शेवटच्याला 'हो' आलं, दिवसागणिक चढउतार असला, चाल मंदावली असली, झोपेत हातपाय झाडत असल्या तर लेवी बॉडीचा विचार करा, आणि कुठलंही मनोविकाराचं औषध देण्याआधी डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा. आणि मोतीबिंदू किंवा डोळ्याचा पडदा खराब असेल तर डिमेन्शियाशिवायही चित्रं दिसतात, तेही तपासा.

भ्रमाचंही तसंच. "माझे पैसे चोरले" हा नेहमीचा भ्रम. पण २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच निघत होते. तेव्हा आणि त्याच्या आधीही लोकांनी नोटा घरात दडवल्या. "गादीत पैसे आहेत" हे वाक्य खरं असू शकतं. आधी गादी बघा. आणि "सुनेने घेतले" हेही कधीकधी खरं असतं. आर्थिक छळ वगळल्याशिवाय भ्रमाचा रकाना भरू नका.

मुक्काम_पोस्ट_ओकली
पावाबद्दल राहिलं होतं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन-इटालियन ताब्यात असताना, ग्रीसमध्ये मोठा दुष्काळ पडला. अथेन्समध्ये माणसं रस्त्यावर मेली. त्यामागोमाग १९४६ ते ४९ यादवी. आज ८६ वर्षांच्या असलेल्या बाई तेव्हा लहान मूल होत्या. जन्मभर पाव वाया जाऊ दिला नसेल तर एनपीआयमध्ये तो 'बदल' नाही. पण उशीखाली बुरशी लागेपर्यंत ठेवणं आजारानंतरच सुरू झालं असेल तर तो बदल आहे. दोन्ही बाजूंनी विचारा. उपाय अगदी साधा: झाकणाचा डबा, त्यात कोरडी पॅक्सिमादिया, म्हणजे आपली खारीसारखी कडक रस्क, रोज बदलायची. डबा हाताशी असला की उशीची गरज बरीच कमी होते.

बंबाखाना
अवांतर: हे ग्रीक लोक कॉफी पण उकळूनच पितात ना, खाली गाळ राहतो ती?

मुक्काम_पोस्ट_ओकली
हो, ब्रिकी नावाच्या लांब दांड्याच्या भांड्यात. आणि अवांतर नाहीये ते. वेळापत्रक झोपेच्या रकान्यात येतं. दुपारी तीनच्या सुमारास झोप, रात्री नऊ-दहाला जेवण, असं आयुष्य काढलेल्या माणसाला इथे पाचला जेवायला बसवतात आणि सातला गादीवर घालतात. मग अकराला उठून फिरतात त्याला 'रात्रीचा गोंधळ' म्हणायचं? आधी जेवणाची वेळ दोन तास उशिरा करून बघा, मग गुण द्या.

कंदीलवाली
दुभाष्याच्या बाजूने लिहिते, इथे कोणी ते लिहिलेलं नाही.

मुलाखतीआधी दुभाष्याला दहा मिनिटं द्या. एवढं सांगाच: वाक्य तुटलं, शब्द चुकला, तेच तेच आलं तर दुरुस्त करू नका, तसंच सांगा. अर्थ लागत नसेल तर 'अर्थ लागत नाही' म्हणा. शिवी असेल तर शिवीच सांगा. दुभाष्याला नीट वाक्य करून देण्याची सवय असते. त्याने अडखळणाऱ्या माणसाचं सरळ वाक्य करून दिलं की तुमची अर्धी तपासणी वाया गेली. आणि दुभाष्याला "तुम्हाला काय वाटतं, या बऱ्या आहेत का?" असं विचारू नका. ते त्याचं काम नाही.

बोली विचारून घ्या. सायप्रसच्या आजीला अथेन्सचा दुभाषी बऱ्यापैकी चालतो, उलट बाजूने आजीचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं कळतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला फोनवरचा दुभाषी देणं म्हणजे आवाज भिंतीतून येतोय असं वाटायला लावणं. समोर बसलेलाच हवा, आणि तो रुग्णाच्या शेजारी, नर्सच्या मागे नाही.

घरचा माणूस दुभाषी म्हणून नकोच. तो माहिती देणारा आहे. एकाच माणसाने दोन्ही केलं की आजीचं काय आणि मुलीचं काय ते कळत नाही. 'नेव्रा' हा शब्द घरचे सगळ्यालाच वापरतात, चिडचिड, घाबरणं, रडू येणं, आदळआपट. एनपीआयमध्ये हे चार वेगळे रकाने आहेत. "नेव्रा होतात म्हणजे नेमकं काय करतात, कालचं सांगा" असं विचारून घ्या.

आणि एकेरी नावाने हाक नको. 'किरिया मारिया' म्हणा. आपल्याकडे मारियाबाई म्हणतो तसं.

अबोली_२२
कंदीलवाली, लाख बोललात. माहिती देणाऱ्याबद्दल अजून थोडं. ग्रीसमध्ये कित्येक घरांत सांभाळायला जॉर्जिया, बल्गेरिया, अल्बेनियाकडची बाई राहते. चोवीस तास पाहते ती, पण दवाखान्यात बोलतो मुलगा, जो रविवारी येतो. तिचं ग्रीक मोडकं असलं तरी वारंवारता तिलाच विचारा आणि 'पूर्वी कशा होत्या' हे मुलाला विचारा. एनपीआयचा कालावधी साधारण मागच्या महिन्याचा, तेव्हा गेल्या आठवड्यात ग्रीसमधल्या कलामाताहून आलेली मुलगी तो भरू शकत नाही. माहिती देणाऱ्याची मुलाखत रुग्णासमोर घेऊ नका, आणि लैंगिक वागण्याचा प्रश्न सुनेला सासऱ्याबद्दल विचारायचा तर नवऱ्याला बाहेर पाठवा. वेडाचा शिक्का लागेल म्हणून कुटुंब बऱ्याच गोष्टी गिळतं.

सगळ्यात निसटणारं लक्षण निरुत्साह. शांत बसून आहेत, त्रास नाही, म्हणून कोणी सांगत नाही. 'स्वयंपाक सोडला' हा पुरावा धरू नका, घरचेच करू देत नाहीत. विचारा: नातवंडं आली की "जेवलात का?" म्हणतात का? नामदिनाला, म्हणजे ज्या संताचं नाव त्याच्या दिवशी, नातेवाइकांना फोन करायच्या, तो स्वतःहून आठवतो का? ग्रीकांत तो दिवस वाढदिवसापेक्षा मोठा असतो.

निरुत्साह की नैराश्य हे ठरवायला कॉर्नेल ही डिमेन्शियातलं नैराश्य मोजायची पट्टी वापरा. १९ मुद्दे, प्रत्येकी ० ते २. आधी काळजी घेणाऱ्याला, मग रुग्णाला विचारून, मागच्या आठवड्यापुरतं. १० च्या वर मोठ्या नैराश्याची शक्यता, १८ च्या वर जवळपास खात्री. (रचणारे ॲलेक्झोपुलोस मूळचे ग्रीकच.) स्वतः वाचून भरायची जीडीएस ही वृद्धांच्या नैराश्याची प्रश्नावली तिसरी शिकलेल्या बाईपुढे ठेवू नका.

रोखठोक
आणि काळे कपडे हे नैराश्याचं लक्षण नव्हे, हे आधीच लिहून ठेवतो. विधवेचा रंग आहे तो.

नाडीपरीक्षा
औषधाचा मूळ प्रश्न. ऑस्ट्रेलियात सरकारी अनुदानावर रिस्पेरिडोन हे मनोविकाराचं औषध मिळतं ते अल्झायमरमध्ये भ्रम-भास आणि आक्रमकता असेल तर, तेही पहिल्या खेपेला बारा आठवड्यांपर्यंत आणि इतर उपाय करून झाल्यावर. थुंकणं, साठवणं, फिरणं, ओरडणं यावर ते मुळात चालतच नाही. पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो तो वेगळाच. वागणं आवरण्यासाठी दिलं तर ते रासायनिक बंधन धरलं जातं, माहिती देऊन घेतलेली संमती लागते. दिलंच तर कोणत्या लक्षणासाठी ते एका ओळीत लिहा आणि फक्त तेवढंच पुन्हा मोजा.

रानजाई
मंडळी, सोनं लुटलंत, वाचनखूण साठवली. आता मूळ प्रश्नावर येते. संस्थेत सीएमएआय सक्तीचं आहे, ते टाळता येत नाही. मग थुंकणं, दोरी, लपवणं, साठवणं या चार रकान्यांत १ लिहायचा का?

हळदकुंकू
मी तर लिहीन १. जे लक्षण नाही ते मोजायचं कशाला?

अथेन्सकर
नका लिहू. सीएमएआयचा नियम वारंवारतेचा आहे. आपण मनाने १ टाकला तर पुढच्या पाळीची नर्स ६ टाकणार आणि आलेखात बाई रातोरात बिघडलेल्या दिसणार. फक्त थुंकी येत नसेल तर ते थुंकणंच नाही, तिथे १ बरोबर. बाकी जे दिसतं ते लिहा आणि शेजारी शेरा द्या: 'जन्मभराची सवय, मुलीने सांगितलं'. तुमच्या उदाहरणात या चारांना ६-६ मिळाले असतील तर २४ होतात, आणि ते वागणं नसतं तर ४ झाले असते. म्हणजे ६० पैकी २० गुण इथलेच. २९ तर मुळातलेच. खऱ्या चिंतेचे उरतात ११, त्यात नकार आणि अंघोळीच्या वेळचं मारणं-ढकलणं आलं. डॉक्टरपुढे हा हिशेब ठेवा, नुसता ६० नाही. जोडीला नर्सिंग होमचं एनपीआय, बाईंचं ग्रीक बोलणं ज्याला कळतं अशा कर्मचाऱ्याला विचारून.

मुक्काम_पोस्ट_ओकली
मारण्यासाठी आधी-काय, काय-झालं, नंतर-काय असा तीन रकान्यांचा तक्ता आठवडाभर ठेवा. 'आधी' या रकान्यात बाईंनी म्हटलेला शब्द ऐकू आला तसा देवनागरीत लिहून ठेवा, दुभाषी नंतर सांगेल. पाच-सहा शब्द भिंतीवर लावले तरी पुष्कळ: पोनाओ म्हणजे दुखतंय, क्रिओनो थंडी वाजते, फोवामे भीती वाटते, देन थेलो नको, नेरो पाणी, पामे स्पीती घरी जाऊ या.

रानजाई
आणि पुन्हा कधी मोजायचं?

नाडीपरीक्षा
दोन आठवड्यांनी सीएमएआय, चार आठवड्यांनी एनपीआय, त्याच माहितगाराकडून, शक्यतो त्याच दुभाष्याकरवी. खांद्याला अंघोळीआधी पाऊण-एक तास पॅरासिटामॉल द्यायला डॉक्टरकडून लिहून घ्या, गाऊन पुढून उघडणारा घ्या आणि एकूण बेरीज न बघता मारणं आणि ढकलणं हे दोनच रकाने बघा.